समोशांखालचा कागद

परवा माझी नात आयरा शारजातल्या पुस्तक प्रदर्शनातून पिशवीभर पुस्तकं घेऊन आली आणि ती जेवणाच्या टेबलावर तशीच पालथी करून हात धुवायला गेली. मी डाळ वाढत होते. सगळ्यात वरच्या पुस्तकावर जुन्या घाटाची काळी मोटार होती. तिच्या पायरीवर एक पाय ठेवून हॅटवाला माणूस उभा होता आणि त्याच्या कोपरावर बंदूक आडवी टेकलेली होती. खालच्या दोन पुस्तकांवरही असलेच लोक. मंदीच्या दिवसांत अमेरिकेत बँका लुटत फिरणाऱ्या टोळ्यांवरची ही नवीकोरी पुस्तकं. तिच्या वर्गाला म्हणे त्यावर काहीतरी लिहून द्यायचं आहे. माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली आणि डाळ टेबलभर उडाली. ‘दादी, इट्स जस्ट हिस्टरी,’ आयरा म्हणाली. माझा मुलगा हसला. ‘अम्मी, हे लोक मरून नव्वद वर्षं झाली. आता काय तुझी पर्स मारणार आहेत?’ मीही हसले, पण टेबल पुसताना ती पुस्तकं वर्तमानपत्राखाली झाकून ठेवली. जेवण झाल्यावर खोलीत येऊन बसले. अंगात साखर आहे, गुडघे गेले, मरणाचीसुद्धा आता पूर्वीसारखी भीती वाटत नाही. त्या मोटारीच्या चित्राची मात्र वाटते. ती का वाटते हे मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही.

आता आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. चार न्हाणीघरं आहेत, त्यातल्या दोनांचे दिवेसुद्धा कुणी लावत नाही. तेव्हा आम्ही शारजातल्या रोल्लात राहायचो, कपड्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला, दोन खोल्यांत. खिडकीतला एसी इतका खडखडायचा की पाहुणे आले की तो बंद करून बोलावं लागे, आणि मग घामानं पाहुणे लवकर उठत. खाली शिंप्यांची मशीनं दिवसभर चालायची. त्यांचा आवाज थांबला की समजायचं अजान होणार. घरी आम्ही तिघंच, अब्बा, अम्मी आणि मी. अम्मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. अम्मी भित्री होती असं सांगणं म्हणजे समुद्र ओला होता असं सांगण्यासारखं आहे. ती लिफ्टला भ्यायची, टेलिफोनला भ्यायची, खाकी कपड्याला भ्यायची, आणि सगळ्यात जास्त भ्यायची ती एका शब्दाला. आमच्या घरात ‘कॅन्सल’ हा शब्द मोठ्यानं उच्चारायला बंदी होती. कॅन्सल म्हणजे विझा कॅन्सल. शेजारच्या बिऱ्हाडाचा झाला तेव्हा ती माणसं महिन्याभरात घर आवरून गेली, आणि त्यांच्या दारासमोरून जाताना अम्मी कितीतरी दिवस तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. ‘आपण इथं पाहुणे आहोत गो,’ ती मला सांगायची. ‘पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. पायाचा आवाज करू नये.’

अब्बांना मात्र कशाचीच भीती नव्हती, किंवा असली तर ती त्यांनी आम्हाला कधी दाखवली नाही. ते एका बँकेत ऑफिस बॉय होते. चाळिशी उलटलेला, दोन दाढा पडलेला बॉय. चहा करायचा, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बाहेरचं शटर उघडायचं. ती शटरची चावी त्यांच्या खिशात असे. घरी आल्यावर ते ती कुराणशरीफ ठेवलेल्या कपाटात, पण एक फळी खाली, अशी ठेवत. त्या चावीचा त्यांना अभिमान होता. ‘मॅनेजरसाहेब माझ्यावर बँक टाकून घरी जातात,’ असं ते म्हणायचे. येताना ते माझ्यासाठी बँकेतले वाया गेलेले कागद आणायचे. एका बाजूला रद्द झालेला फॉर्म, वर बँकेचं नाव छापलेलं, दुसरी बाजू कोरी. चित्रं काढायला, गणितं सोडवायला मला तेच कागद. वही संपेल या भीतीनं अम्मी मला वहीत खाडाखोड करू देत नसे, आणि कागद फुकटचे असल्यामुळे त्यांवर मी काय वाटेल ते लिहायची.

त्याच बँकेतले एक गोरे साहेब बदली होऊन गेले. त्यांच्या बाईनं घर आवरताना अब्बांना एक खोकं दिलं. त्यात चहाचे दोन मग, एक टेबलक्लॉथ आणि चार पुस्तकं. पुस्तकं अगदी नवी होती, कव्हरांना वास होता. अब्बांना इंग्रजी बोलण्यापुरतं यायचं, वाचता यायचं नाही. पण जाड पुस्तकं बघून ते इतके खूश झाले की त्यांनी ती हातावर तोलून पाहिली. ‘वाच,’ म्हणाले. ‘साहेबांच्या घरची आहेत. इंग्लिश सुधारेल.’ चारही पुस्तकं बँक लुटारूंची निघाली, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळावं? कव्हरावरच्या मोटारीचं चित्र बघून त्यांना वाटलं, मोटारींची पुस्तकं असतील.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि माझ्याइतकी आज्ञाधारक मुलगी त्या इमारतीत नव्हती. मी ती पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. एकदा नाही, तीन-चारदा. सगळं काही कळत नसे, पण त्या काळातल्या बँका बुडालेल्या, शेतं धुळीनं भरलेली, माणसं पावाच्या रांगेत उभी, आणि त्यातून ही मोटार भरधाव जाणारी, एवढं मला दिसायचं. रात्री डोळे मिटले की मशीनगनचा आवाज ऐकू यायचा. तो आमच्या एसीचा असायचा. मी घाबरून पांघरूण डोक्यावर घ्यायची आणि सकाळी उठून पुढचं पान वाचायची. मला सगळ्यात आवडायची ती त्यांची तयारी. टोळीतला एक माणूस आधी गिऱ्हाईक बनून बँकेत जायचा. दारापासून काउंटरपर्यंत किती पावलं, पहारेकरी कधी जेवतो, तिजोरीची चावी कुणाकडे, सगळं मनात भरून घ्यायचा आणि बाहेर येऊन कागदावर उतरवायचा. पळायचा रस्तासुद्धा आधीच लिहिलेला, वळणावळणासकट. कधी कधी बँकेतलाच कुणीतरी त्यांना सामील असे. त्याला ते ‘इनसाइड मॅन’ म्हणायचे, आतला माणूस.

रमझानच्या आधी एका गुरुवारी अब्बा मला बँक दाखवायला घेऊन गेले होते. मी बावीस पावलं मोजली. दाराशी स्टुलावर पहारेकरी गुल चाचा बसले होते, मेंदी लावलेल्या दाढीचे पठाण. त्यांनी मला खिशातले बदाम दिले. त्यानंतर जेवताना मी अब्बांना विचारायची, ‘गुल चाचा कधी जेवतात? तिजोरी कोण उघडतं? मॅनेजर कुठं बसतात?’ अब्बा कौतुकानं सगळं सांगायचे. पोरगी बापाच्या कामाची चौकशी करते, याहून मोठं सुख ते कोणतं? ते भाकरीच्या तुकड्यानं ताटात बँकेचा नकाशा काढून दाखवायचे. आणि मी ते सगळं त्या पाठकोऱ्या कागदावर, पट्टी लावून, सुबक इंग्रजी अक्षरांत उतरवलं. मधोमध दार. दाराशी स्टुलावर दाढीवाले गुल चाचा, त्यांच्याखाली लिहिलेलं, ‘पहारेकरी, जेवल्यावर डोळे मिटतो.’ बाणानं दाखवलेली बावीस पावलं. तिजोरीची खोली. शटरपाशी लिहिलं होतं, ‘चावी आपल्या इनसाइड मॅनकडे.’ आणि खाली पळायचा रस्ता: मोटारीनं दुबईच्या खाडीपर्यंत, होडीनं पलीकडे बर दुबई, तिथून लाँचनं थेट रत्नागिरी. रत्नागिरीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. आपल्याच पायावर धोंडा मारावा तर असा, नीट नेम धरून.

अम्मीला मराठी आणि उर्दू वाचता यायचं, इंग्रजी नाही. रमझानात ती रोज दुपारी खिम्याचे समोसे आणि तांदळाची सांदणं करायची. इमारतीतल्या दोन-तीन घरी ताट जायचं, आणि एक डबा अब्बा स्वतः दुपार उतरताना, असरची नमाज झाल्यावर गुल चाचांना नेऊन द्यायचे, कारण गुल चाचा पहाऱ्यावरच रोजा सोडायचे, एकटे. तळलेल्या समोशांचं तेल टिपायला अम्मी डब्याच्या तळाशी कागद घालायची. त्या दिवशी मी कुराणाचा रोजचा सबक म्हणून झाल्यावर उठले आणि माझा नकाशा शोधायला लागले. चटईखाली नव्हता. पुस्तकांत नव्हता. ‘अम्मी, माझा कागद कुठंय? त्यावर चित्र होतं तो?’ अम्मी कढई घासत होती. ती म्हणाली, ‘तो होय? डब्यात घातला. दोन्ही बाजू भरलेल्या होत्या त्याच्या, पण जाड होता.’ मी विचारलं, ‘कुठल्या डब्यात?’ ‘अब्बा घेऊन गेले ना आता, गुल चाचांचा.’

माझ्या बापानं स्वतःच्या हातानं तो कागद बँकेच्या दारात नेऊन पोचवला होता. मी खिडकीशी गेले. खाली अब्बा दिसत नव्हते. त्यांच्यामागे पळत जायला हवं होतं. बँक दोन गल्ल्यांवर होती. पण पळत जायचं म्हणजे अम्मीला कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे कागदात काय होतं ते सांगायचं. मी स्वतःशी म्हटलं, गुल चाचांना इंग्रजी कुठं येतं? तेलानं शाई पुसली जाईल. चाचा कागद चुरगाळून फेकून देतील. अजान झाली, अब्बा आले, आम्ही खजूर तोंडात टाकले. अब्बा म्हणाले, ‘चाचा खूश झाले आज. म्हणाले, अच्छे समोसे हैं.’ मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे नेहमीचाच थकवा होता. मी समोसा तसाच ताटात ठेवला. ‘रोजा लागला काय गो तुला?’ अब्बांनी विचारलं आणि माझ्यापुढे सरबताचा पेला सरकवला.

पुढं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. गुल चाचांनी समोसे खाल्ले, डब्याच्या तळाशी त्यांना स्वतःचं चित्र दिसलं. तीच दाढी, तेच स्टूल, तीच पगडी. आयुष्यात कुणी त्यांचं चित्र काढलं नव्हतं. तेल लागलेला तो कागद त्यांनी जपून वाळवला आणि सकाळी मॅनेजरसाहेबांना दाखवला, ‘साब, देखो, किसी ने मेरा फोटो बनाया.’ ठेवणीतली वस्तू दाखवावी तसा. मॅनेजरसाहेबांनी चित्र पाहिलं आणि मग खालचं वाचलं. बॉलपेनची शाई तेलानं पुसत नाही, हे मी तेव्हापासून कधी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बा दुपारी जोहरच्या नमाजाला आले नाहीत. असर झाली तरी आले नाहीत. मग दारावर थाप पडली ती त्यांच्या बँकेतल्या कुट्टी अंकलची. ते केरळचे, क्लार्क होते आणि कायम घाईत असायचे. आत आले नाहीत. दारातच उभं राहून अम्मीला म्हणाले, ‘भाभी, साब ने रोका है उनको. पुलिस आया है. एक कागज मिला, बँक लूटने का प्लॅन. रत्नागिरी लिखा है उसमें. आप टेन्शन मत लो.’ एवढं सांगून ते जिना उतरून गेले. आप टेन्शन मत लो! अम्मी भिंतीला टेकून खाली बसली. तिला अजून अर्थ लागला नव्हता. अर्थ मला लागला होता. मी तिला सांगितलं. पुस्तकं, नकाशा, बावीस पावलं, सगळं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एकच विचारलं, ‘कुठायत ती पुस्तकं?’

अम्मीच्या लेखी गुन्हा झाला होता तो पुस्तकांमुळे. विमानतळावर येणाऱ्यांच्या बॅगांतून पुस्तकं, कॅसेटी उलटसुलट करून पाहतात, हे तिनं ऐकलेलं. तेव्हा घरात चोरांची चार पुस्तकं सापडली की संपलंच, असा तिचा हिशेब. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तिनं न्हाणीघरात बादली भरून घेतली, दाराला कडी लावली आणि आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून पुस्तकं फाडायला लागलो. आधी कव्हरं. ती जाड होती, अम्मीनं ती दातांनी फाडली. मग पानं, मूठमूठभर, पाण्यात. त्या ओल्या कागदाचा वास मला आजही कुठं आला तर मी तिथून उठते. मी रडत नव्हते. मी भराभरा फाडत होते, अम्मीपेक्षाही भराभरा. तिच्या ओठांवर सारखा कलमा होता आणि मध्येच ती थांबून जिन्यावर पाय वाजतात का ऐकायची. सगळा लगदा तिनं काळ्या पिशवीत भरला, बुरखा घातला आणि खाली जाऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या मोठ्या पिंपात टाकून आली. येऊन तिनं माझे हात साबणानं घासले. ‘आता ऐक,’ ती म्हणाली. ‘आपल्याकडे पुस्तकं नव्हतीच. कुणी विचारलं तर नव्हती. कळलं?’ मी मान डोलावली.

माझे हात कोरडेही झाले नव्हते तोवर अब्बांचा आवाज आला. ते दाराबाहेरून मला हाक मारत होते, एरवी मारायचे तशीच. अम्मीनं दार उघडलं. अब्बांबरोबर पांढरा कंदुरा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, घातलेला एक तरुण पोलीस होता. खाकी नाही, बंदूक नाही. त्यानं दारात सलाम केला, चपला बाहेर काढल्या. अब्बांचा चेहरा उतरलेला होता, पण मला बघून ते हसले. कागदावरचं माझं अक्षर त्यांनी ओळखलं होतं, आणि मी ती पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचते हे त्यांना ठाऊक होतं. पोलीस हिंदीत बोलला, अगदी हळू. ‘बहन, घबराना नहीं. ये बोलता है बच्ची का खेल है, घर में किताब है, उसमें से बनाया. किताब दिखाओ, खलास. मैं मॅनेजर को बोल देता हूँ.’ अब्बा पुढं झाले आणि मला मराठीत म्हणाले, ‘नसीम, ती मोटारींची पुस्तकं आण बघू. साहेबांना दाखव, म्हणजे झालं.’

अम्मी एखाद्या खांबासारखी उभी होती. तिच्या ध्यानात आलं होतं, मला दिसत होतं ते. ज्यानं अब्बा सुटणार होते तेच आम्ही अर्ध्या तासापूर्वी बुडवलं होतं. पण भीती एकदा तोंडापर्यंत आली की तिला परत ढकलता येत नाही. अम्मी म्हणाली, ‘कौनसी किताब? हमारे घर में किताब नहीं है.’ अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार की तिला समजलं नाही. ते स्वतः कपाटाशी गेले आणि कपाट उघडलं. तिथे माझी शाळेची पुस्तकं आणि शटरच्या चावीची रिकामी जागा. चावी त्यांच्याकडून आधीच काढून घेतली होती. ते तसेच पाठमोरे उभे राहिले, हात फळीवर ठेवून.

मग पोलीस खाली वाकला, माझ्या उंचीला आला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता. ‘बेटा,’ तो म्हणाला, ‘यू रीड बुक? बँक रॉबर बुक?’ अब्बा वळून माझ्याकडे बघत होते. खाली कोपऱ्यावरच्या पिंपात ती काळी पिशवी होती. मी एवढंच म्हणायचं होतं की हो, होती, आम्ही घाबरून फाडली, चला दाखवते. तीन जिने, वीस पावलं. त्या माणसानं पिशवी उघडली असती, हसला असता, रोजा सोडायला आमच्याकडे बसलासुद्धा असता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, ‘नो, सर.’ तो म्हणाला, ‘शुअर?’ मी म्हटलं, ‘नो बुक, सर.’

पोलीस सरळ उभा राहिला. त्यानं अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी वाद घातला नाही, माझ्यावर ओरडले नाहीत. ‘बच्ची है, साब. डर गयी,’ एवढंच म्हणाले आणि चपला घालायला लागले. डावी चप्पल त्यांना पटकन सापडेना. ती सापडली, आणि ते गेले. अम्मी मग भानावर आली, तशीच अनवाणी जिना उतरून कोपऱ्यावर गेली. तोवर सूर्य बुडून मगरीबची वेळ झाली होती आणि म्युन्सिपाल्टीची गाडी पिंप रिकामं करून निघून गेली होती. आम्ही दोघींनी त्या दिवशी रोजा पाण्यावर सोडला.

पोलिसांनी अब्बांना दोन दिवसांत सोडलं. चोरी झालेली नव्हती, कागद पोरकट होता, आणि तो तरुण पोलीस चांगला माणूस होता. पण बँकेला चांगुलपणाशी काय देणंघेणं? ज्याच्या खिशात शटरची चावी, त्यानं पुस्तकं आहेत म्हणून सांगितलं आणि ती निघाली नाहीत. मॅनेजरसाहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं की आता भरवसा उरला नाही. आमच्या घरात जो शब्द कुणी उच्चारत नव्हतं, तो अब्बांनी घरी येऊन शांतपणे उच्चारला. गुल चाचांनाही तिथून हलवलं, कारण जेवल्यावर डोळे मिटतो हे खरंच होतं. ईद आम्ही अर्ध्या आवरलेल्या घरात केली. अम्मीनं शिरखुर्मा केला आणि तो कुणाकडे पाठवला नाही. त्या साऱ्या दिवसांत अब्बांनी ना तिला विचारलं, ना मला. मी वाट बघत होते. दारावर थाप पडली की, ताट वाढलं की, त्यांनी नुसतं ‘नसीम’ म्हटलं तरी मला वाटायचं, आता विचारतील. पण ते म्हणायचे, ‘दोरी पकड जरा,’ आणि खोकं बांधायचे.

त्यांनी विचारलं ते विमानात. अम्मी खिडकीशी डोळे मिटून बसली होती, मी मध्ये. विमान धावपट्टीवर वळत होतं. अब्बा माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘नसीम, त्या पुस्तकांत शेवटी पोलीस काय करतात गो त्या लोकांचं?’ मी म्हटलं, ‘शूट करतात, अब्बा.’ ‘सगळ्यांना?’ ‘ऑलमोस्ट.’ अब्बांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. कितीतरी दिवस अडकलेलं काहीतरी सुटावं तसा. ‘तुला वाटलं, अब्बालाही गोळी घालतील,’ ते म्हणाले. ‘म्हणून नाही म्हणालीस. होय ना?’

तसं काही नव्हतं. आज या वयाला ते लिहायला मला लाज वाटते, पण खरं ते खरं. त्या दारात उभी असताना अब्बांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. अम्मीनं पढवलं होतं, हेही कारण नव्हतं. तो माणूस माझ्या उंचीला वाकला तेव्हा मला एवढंच वाटलं की मी हो म्हटलं तर हा मला नेईल. अब्बांना नेलेलं मला चालणार होतं. मी स्वतःला वाचवलं आणि बाप देऊन टाकला. आणि आता तोच बाप माझ्यासाठी कारण शोधून, ते पुसून-बिसून, माझ्यापुढे धरत होता. मी म्हटलं, ‘येस, अब्बा.’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विमान उडेपर्यंत काढला नाही.

गावी अब्बांनी होडी घेतली, मग किराणा टाकला, दोन्ही जेमतेम चाललं. पण ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली. दुकानात उधारीवर माल न्यायला आलेल्या माणसालाही सांगायचे. माझ्या निकाहच्या दिवशी जावयाचा हात धरून म्हणाले, ‘माझी पोर बारा वर्षांची होती. पोलिसासमोर उभी राहून बापाचा जीव वाचवायला खोटं बोलली. हिला जप.’ माझा नवरा मला त्यावरून आयुष्यभर मानत आला. मी किती वेळा तोंड उघडलं, आणि दर वेळी अब्बांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. ते गेले तेव्हा मी पुन्हा इकडे राहायला आले होते; इथून धावत गावी पोचले. मयताला आलेल्या बायका घरात बसल्या होत्या, आणि एक म्हातारी बाजूच्या नव्या सुनेला तीच गोष्ट सांगत होती, पोलीस, पुस्तकं आणि बापासाठी खोटं बोललेली पोर. सून माझ्याकडे डोळे भरून बघत होती. म्हातारी म्हणाली, ‘लेक असावी तर अशी.’ मी ओढणी पुढं घेतली आणि बसून राहिले.